परत सांगा, कळलं नाही

"या वयात कान तयार होत नाहीत हो," असं पुण्याच्या बाई मला पडद्यावरून म्हणाल्या तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि जपानी भाषेच्या परीक्षेत नुकतीच नापास झाले होते. वाचनात पास, शब्दांत पास, ऐकण्यात नापास. बाई मनाने वाईट नव्हत्या. आठवड्यातून तीन संध्याकाळी त्या आम्हा अकरा जणांना ऑनलाइन शिकवायच्या आणि बाकीचे दहा जण माझ्या मुलीच्या वयाचे होते. पण 'या वयात' हे दोन शब्द माझ्या डोक्यात गेले. लॅपटॉप मिटला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. एवढं मळलं, एवढं मळलं की त्या दिवशी भाकऱ्या कधी नव्हे त्या मऊ झाल्या. नवरा म्हणाला, "रोज नापास होत जा."

आमचं घर बेळगावजवळच्या उचगावात. नवरा सकाळी शेतात आणि दहानंतर बेळगावातल्या एका शाळेत कारकून. मी मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मापं तपासते. आमच्याकडे पोलादी दांडे बनतात, यंत्रांच्या पोटात मागेपुढे सरकणारे. त्यांची जाडी केसाच्या शंभराव्या भागाइतकी जरी चुकली तरी दांडा बाद. तो बाद की पास हे सोळा वर्षं मी ठरवते आहे. ठरवते मी आणि सांगतात दुसरेच. गिऱ्हाईक आलं की साहेब त्याला आमच्या खोलीत आणतात, माझ्या टेबलाकडे हात करतात आणि माझ्या कामाबद्दल माझ्याच समोर दहा मिनिटं बोलतात. मी शेजारी उभी असते, पांढरा कोट घालून.

मग आमचं एक मोठं गिऱ्हाईक जपानचं झालं. त्यांनी कळवलं, तुमच्या माप-खोलीतला एक माणूस तीन महिने आमच्याकडे पाठवा, आमची पद्धत शिकवतो. अट एकच, त्याला जपानी बोललेलं कळलं पाहिजे. मला ते तीन महिने हवे होते. जपान बघायचं होतं असं काही नाही. माझ्या कामाबद्दल माझ्या तोंडाने बोलायचं होतं, आणि मध्ये साहेब नको होते. हे मी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नाही. विचारलं की म्हणायची, बघू, जमलं तर.

वर्गात माझी गंमत व्हायची. ओळख करून देताना मी बाईंना मराठीत म्हणाले होते, "मी बेळगावकडनं आलो." आमच्याकडे बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात, त्यात आम्हाला काही वावगं वाटत नाही. पडद्यावरचे दहा चौकोन हसले. बाई म्हणाल्या, "आधी मराठीतला हा हेल घालवा, मग जपानीतला सूर येईल." मला हे अजून पटलेलं नाही. पुण्याचे म्हणतात, तुमची मराठी कानडी. बेळगावचे कानडी लोक म्हणतात, तुमची कानडी मराठी. आता जपानी शिकायला निघाले तर त्याचंही खापर माझ्या हेलावरच. हेल काय अंगावरचा शर्ट आहे, काढून ठेवायला?

आणि खरं सांगायचं तर याच तोंडाचा मला फायदा होत होता. जपानी लोक इंग्रजी शब्द घेतले की त्यांच्या शेवटी स्वर लावतात. बसला 'बासु', कपला 'कप्पु'. आमच्या बसस्टँडवर कानडीत जन्मभर 'बस्सु बंतु', म्हणजे बस आली, असं ऐकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. वर्गातली हुशार मुलं 'बस'वरच थांबायची आणि बाई त्यांना टाळ्या वाजवून मात्रा मोजायला लावायच्या. 'त्सु' म्हणताना काहींची तोंडं वाकडी व्हायची. मला तो तंबाखूला लावायच्या चुन्यातला चु वाटायचा. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेल्या मुलीला चुना म्हणायला कसली तयारी लागते?

उच्चार असे निभायचे. अडलं होतं ते ऐकण्यावर. बाई जे संवाद ऐकवायच्या ते स्वच्छ, बंद खोलीत बोललेले. स्टेशनवर भेटलेले दोन मित्र, घर भाड्याने बघणारी मुलगी. पहिलं वाक्य कळायचं, दुसऱ्यातला एखादा शब्द निसटायचा, मी त्याच्या मागे जायची आणि तोवर तिसरं, चौथं संपलेलं. वर, माप-खोलीत कोण येऊन भाड्याच्या घराबद्दल बोलणार होतं? तिथं दार उघडलं की ग्राइंडिंगचा आवाज आत येतो.

मग मी माझं मीच ठरवलं. कंपनीची बस उचगावातून मच्छ्याला जाते. आमचा ड्रायव्हर मोठ्या आवाजात गाणी लावतो आणि मागच्या सीटवरचे तावातावाने भांडत असतात, कधी क्रिकेटवरून तर कधी खिडकीवरून. त्याच बसमध्ये, त्याच आवाजात मी फोन कानाला लावून संवाद ऐकायचं ठरवलं. जपानी माणूस बोलत असतानाच, अर्ध्या शब्दाच्या अंतराने, तोंडावर ओढणी धरून त्याच्या मागोमाग बोलायचं. शेजारच्या बाईला आधी वाटलं मी स्तोत्र म्हणते. तिने दोनदा मनोभावे हातही जोडले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझी पहिली परीक्षा झाली. बाईंची नव्हे, खरी. जपानहून एक पाहुणे कारखाना बघायला आले. साठीचे, बारीक, केस पांढरे, बूट फार स्वच्छ. मी तीन महिने पाच वाक्यं घोटली होती. स्वागत आहे, माझं काम हे, ही माझी यंत्रं, वगैरे. त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन मोडक्या इंग्रजीत विचारलं, "यू चेक धिस?" आणि माझ्या तोंडून निघालं, "येस सर, आय चेक." मग ते इंग्रजीत, मी इंग्रजीत, अशी पाच मिनिटं गेली आणि माझी पाचही वाक्यं घशातच राहिली.

हे असं का झालं ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. बेळगावात तुम्ही मराठीत पत्ता विचारला आणि समोरच्याने कानडीत सांगायला सुरुवात केली की दुसऱ्या वाक्याला तुम्ही कानडीवर जाता. तेवढ्यात तो तुमच्यासाठी मराठीवर आलेला असतो. दोघं एकमेकांच्या अंगणात उभे, आणि पत्ता तसाच मध्ये पडलेला. आम्हाला लहानपणापासून हीच रीत. समोरच्याची भाषा उचलायची. जो उचलत नाही तो शिष्ट. पाहुणे इंग्रजीत बोलले, मी रीतीप्रमाणे उचलली. पण इंग्रजी ना त्यांची ना माझी. आम्ही दोघंही भलत्याच्याच दारात जाऊन उभे राहिलो होतो.

साहेब शेजारी होते. ते हसून पाहुण्यांना म्हणाले, "मॅडम जपानी शिकतायत, हौस म्हणून." आणि लगेच आमच्या नव्या इंजिनिअरला पुढे केलं. तो पुण्यात शिकलेला, जपानीचं प्रमाणपत्र असलेला, पंचविशीतला शांत मुलगा. त्याने दोन वाक्यं सुरेख म्हटली. पाहुण्यांनी मान लववली. हौस! मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. पोट रागानेच भरलं होतं.

पुढच्या रविवारी मी निपाणीला आईकडे गेले. आई सत्तरीला आली तरी विड्या वळते. कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी आणायची, मांडीवर सूप घेऊन वळायच्या, दोऱ्याने बांधून कट्टे करायचे आणि ते परत नेऊन द्यायचे. तिथं खिडकीत चेकर बसतो. तो कट्टे बघतो आणि नापसंत विड्या बाजूला टाकतो. त्याला छाट म्हणतात. एवढी एक गोष्ट माझ्या आईच्या आयुष्यात कायम आहे.

मी तिला पाहुण्यांची गोष्ट सांगितली. तिने हात न थांबवता ऐकली.

"मग तू इंग्रजीत का बोल्लीस?"

"त्ये इंग्रजीत बोलले म्हणून."

शेजारच्या दोन बायका रोज दुपारी तिच्या ओसरीवर वळायला येतात, त्यांनी माना वर केल्या. मग आई म्हणाली, "आमचा पैला चेकर कानडी हुता. त्येच्यासंगं मी कानडी बोलायची, गोड. मग कोल्लापूरकडचा आला. त्येच्यासंगं आहे-नाही, आलं-गेलं, लई शुद्ध. मग एक आला त्यो हिंदी. त्येच्यासंगं हिंदी. तीन चेकर झालं गं, तीन भाषा झाल्या. छाट तेवढीच."

बायका हसल्या. मी हसले नाही.

"छाट काढत्यात त्येचं कायबी न्हाय," आई म्हणाली. "पर कशापायी काढली ते एकबी सांगत न्हाय. आनी आमी बी मान हालवतो. व्हय साहेब, व्हय साहेब." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बी चेकरच की गं."

ते मला झोंबलं. कारण ते खरं होतं. सोळा वर्षं मी दांडे छाटते आहे. फरक एवढाच की मी प्रत्येक बाद दांड्याला चिठ्ठी बांधते, कुठं चुकला, कितीने चुकला. आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग तुझं ते चिठ्ठीतलं तोंडानं सांग की. आनी तुझ्याच भाषेत सांग."

"जपानी माझी कुठली, आई?"

"रोज बसमधी बसून शिकलीस न्हवं? मग कुनाची? माझी?"

त्या दिवसापासून मी दोन नियम केले. एक, जपानीवर चढले की उतरायचं नाही, समोरचा कुठल्याही भाषेत येवो. दोन, कळलं नाही तर मान हलवायची नाही. दुसरा नियम पहिल्यापेक्षा अवघड होता. आमच्याकडे न कळलेल्या गोष्टीलाही मान हलवायची सवय आहे, समोरच्याला त्रास नको म्हणून. हो म्हणून बाहेर यायचं आणि मग दुसऱ्याला विचारायचं की तो काय म्हणाला. जपान्यांतही ऐकताना 'हाइ, हाइ', म्हणजे हो, हो, करत राहायची पद्धत आहे. म्हणजे माझ्यासारखीला खड्ड्यात पडायला दोन्हीकडून रस्ता मोकळा.

सराव घरापासून सुरू झाला. नवरा म्हणायचा, "आमटी वाढ की गं," आणि मी जपानीत विचारायची, किती? तो म्हणायचा, "काय?" मी पुन्हा जपानीत. त्याने चिडून मराठीत काहीही म्हटलं तरी मी ढिम्म. चार दिवस तो वैतागला, पाचव्या दिवशी त्याने बोटाने दाखवलं, अर्धी वाटी. दोन आठवड्यांत 'थोडं', 'पुरे' आणि 'गरम' हे तीन शब्द त्याला जपानीत यायला लागले. शाळेत जाऊन त्याने ते शिपायालाही शिकवले. गावात मला जपानबाई म्हणायला लागले. म्हणोत.

निपाणीला गेले की ओसरीवर फोन मध्ये ठेवायची आणि संवाद लावायची. बायका वळत वळत ऐकायच्या. त्यांना अर्थ एका शब्दाचाही कळत नव्हता, पण सूर त्या माझ्याआधी धरायच्या. मी शब्दांच्या मागे धावायची आणि दम लागायचा. आई म्हणाली, "तू शबुद वेचायलीस, तांदळातलं खडं वेचल्यागत. आदी चाल ऐक. कुटं वर गेला, कुटं थांबला. शबुद मागनं येत्यात." मी एक आठवडा बसमध्ये शब्द सोडून दिले आणि नुसता सूर म्हटला, तोंड मिटून. त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, पण वाक्यं पळून जायची थांबली. निसटला एखादा शब्द तर निसटू द्यायची आणि शेवटाला गाठायची. बाईंना माझ्या बोलण्याचं एक ध्वनिमुद्रण पाठवलं. त्यांनी विचारलं, कुठला नवा क्लास लावला? मी लिहिलं, निपाणीचा.

त्या संवादांतलं एक वाक्य ओसरीवर सगळ्यांना पाठ झालं. मी अडले की तेच म्हणायची, 'मोउ इचिदो ओनेगाइ शिमास,' म्हणजे परत एकदा सांगा. आईला त्यातलं 'मोउ इचिदो' फार आवडलं. दोरा तुटला तरी ती म्हणायची, मोउ इचिदो.

पाहुणे पुन्हा आले ते दहा महिन्यांनी. या वेळी ते बघायला आले नव्हते, भांडायला आले होते. आमच्याकडून गेलेले काही दांडे त्यांच्याकडे मोजल्यावर कमी भरत होते. इथं पास आणि तिथं नापास. साहेबांनी सकाळीच सगळ्यांना बजावलं, "त्यांच्याशी मी बोलेन. कुणी मध्ये पडायचं नाही." आणि माझ्याकडे बघून, "मॅडम, तुम्ही इंग्रजीत, येस-नो. बस." बाहेर जपानला जाणारा माल भरायला ट्रक लागला होता. वीस दांडे अजून माझ्या टेबलावर होते.

आमची खोली थंड असते, कायम वीस अंशांवर. घासून आलेला दांडा गरम असतो आणि गरम लोखंड फुगतं. म्हणून तो आमच्या दगडी टेबलावर चार तास नुसता पडू द्यायचा आणि मग मोजायचा, असा लेखी नियम आहे. भिंतीवर तो चौकटीत लावला आहे. ट्रक दारात असला की त्या चौकटीकडे कुणी बघत नाही. साहेब खिडकीतून विचारतात, झालं का? आणि आम्ही मोजतो. मीही मोजते. ही माझीही चूक आहे, हे मी इथं कबूल करते.

पाहुणे आले, एक दांडा उचलला आणि तळहातावर धरून उभे राहिले. ताप बघावा तसा. मग विचारलं, "कूल. हाउ मच टाइम?"

मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "फोर अवर्स, सर. ऑलवेज फोर अवर्स."

पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी जीभ सवयीने इंग्रजीकडे वळली होती, येस सर तोंडात तयार होतं. मी म्हटलं, "निहोंगो दे ओनेगाइ शिमास." जपानीत बोला, कृपा करून.

ते चमकले. साहेब म्हणाले, "मॅडम, इंग्लिश प्लीज." पाहुणे पुन्हा भलेपणाने इंग्रजीवर आले. मी पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्याने. मग ते जपानीत बोलले, आणि काय वेगाने! दार उघडं होतं, ग्राइंडिंग चालू होतं. मला सुरुवात कळली आणि शेवट कळला, मधलं सगळं वाहून गेलं. मान हलायला लागली होती. ती मी धरली.

"मोउ इचिदो ओनेगाइ शिमास."

ते पुन्हा बोलले. मी परत तेच म्हटलं, ते परत बोलले. पुन्हा मधला भाग गेला. साहेब हसले, मुद्दाम ऐकू येईल असं. इंजिनिअर खाली बघत होता. माझे कान लाल झाले असणार, कारण ते जळत होते. मी तिसऱ्यांदा तेच वाक्य म्हटलं. पाहुण्यांनी दांडा खाली ठेवला, स्वतः जाऊन दार लावून घेतलं, माझ्यासमोर उभे राहिले आणि तेच परत विचारलं. वेग तोच, चाल तीच. या वेळी मी चालीवरून गेले. नियम किती तासांचा आहे ते मला माहीत आहे, ते म्हणत होते. हे दांडे, आज, इथं, प्रत्यक्षात किती वेळ पडून आहेत?

मी जपानीत सांगितलं. नियम चार तासांचा. हे दांडे चाळीस मिनिटं पडून आहेत. ट्रक थांबला आहे म्हणून आज मोजले. मागच्या खेपेलाही असंच झालं. मोजले मी.

वाक्यं काही सुंदर नव्हती. एक शब्द तर नक्की चुकला. पण ती पोचली. साहेबांनी इंजिनिअरला विचारलं, "काय म्हणाल्या?" तो म्हणाला, "सर, नीट कळलं नाही." त्याला सगळं कळलं होतं. संध्याकाळी बसपाशी येऊन त्याने मला तसं सांगितलंही. "मॅडम, मला कळलं होतं. पण तुमच्या जागी मी बोललो नसतो." माझा त्याच्यावर राग नाही. एवढं तरी तो येऊन म्हणाला.

पाहुण्यांनी हातातलं घड्याळ काढलं, दगडी टेबलावर दांड्यांच्या शेजारी ठेवलं, स्टूल ओढलं आणि बसले. चार तास व्हायला जेवढे कमी होते तेवढे बसणार, हे कुणाला भाषांतर करून सांगावं लागलं नाही. ट्रक थांबला. साहेब दोनदा आत आले, दोनदा बाहेर गेले. तिसऱ्यांदा चहा पाठवला. मी आणि पाहुणे बसून होतो. त्यांनी विचारलं, जपानी कुठं शिकलात? मी म्हटलं, बसमध्ये, आणि आईच्या ओसरीवर. त्यांना ओसरी कळली नाही. त्यांनी मान हलवली नाही, परत विचारलं.

वेळ झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून मोजलं. वीसपैकी आठ बाद. सकाळी मी त्या विसांपैकी एकोणीस पास केले होते. आठ चिठ्ठ्या मी माझ्या हाताने बांधल्या आणि प्रत्येक चिठ्ठी त्यांना तोंडाने वाचून दाखवली.

ते गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "मॅडम, हेच इंग्रजीत सांगितलं असतं तर मला सावरून घेता आलं असतं."

"म्हणूनच इंग्रजीत सांगितलं नाही, सर," मी म्हटलं.

मग मी खुर्चीवर बसले, न विचारता. सोळा वर्षांत त्या केबिनमध्ये मी पहिल्यांदाच बसत होते. खुर्ची चांगली होती.

एक महिना मला वाटत होतं की नोकरी जाते. नवऱ्याने एकदाही विचारलं नाही की तसं का केलंस. फक्त जेवताना 'पुरे' जपानीत म्हणायचं विसरला नाही. मग जपानहून पाहुण्यांचं पत्र आलं. साहेबांनी ते मला स्वतः वाचायला दिलं, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. तीन महिन्यांसाठी माणूस पाठवताना, त्यात लिहिलं होतं, प्रमाणपत्र पाहू नये. ज्यांनी तीन वेळा परत विचारलं, त्यांना पाठवावं.

पुण्याच्या बाईंना कळवलं. त्यांनी तीन फुलं पाठवली, फोनवरची. परीक्षेला मी पुन्हा बसले नाही अजून. बसेन. ऐकण्याचा भाग माझ्याकडून राहिलाय, तो मी सोडणार नाही.

जपानला निघायच्या आधीच्या शनिवारी निपाणीला गेले. आईला कट्टे द्यायला जायचं होतं, मी पिशवी धरून बरोबर गेले. खिडकीत नवा चेकर होता, चौथा. आईने कट्टे सरकवले. त्याने दोन उलटेपालटे केले, एक बाजूला टाकला आणि न बघता काहीतरी पुटपुटला. कुठल्या भाषेत ते मलाही कळलं नाही. आईच्या मागे बायकांची रांग होती. मला वाटलं, आता मान हलेल.

आईने खिडकीच्या लाकडावर हात ठेवला.

"मोउ इचिदो," ती म्हणाली.

त्याने वर बघितलं. "काय म्हणालात, आक्का?"

"मोउ इचिदो."

"काय ते?"

"परत सांग म्हणलो," आई म्हणाली, आमच्या मराठीत, रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "कळलं न्हाय मला. कशापायी छाट, ते दाखव."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने टाकलेला कट्टा परत उचलला, दोरा सोडला आणि एकेक विडी उजेडात धरून बघायला लागला. आईचा हात लाकडावरच होता. मागची बाई पुढे सरकली नाही. कुणीच घाई केली नाही.